गोधडी कापून कोट शिवला: याला कला म्हणायचं की उसवलेली गोधडी?

तापीकाठचा तात्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा ते कळेना. शेवटी 'कला' मध्ये टाकतोय, संपादकांना पटलं नाही तर हलवा.

प्रकरण असं. माझी भाची पुण्याला फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चोपडा तालुक्यातले, घरची केळी आणि थोडी कपाशी. दिवाळीत ती आजोळी आली, दहा दिवस राहिली आणि जाताना दोन वस्तू घेऊन गेली. एक, माझ्या आईच्या हातची गोधडी. दुसरी, आमच्याकडे केळी कापायला येणाऱ्या एका माणसाचे तीन जुने शर्ट. आम्हाला वाटलं, पोरीला पुण्यात थंडी वाजत असेल. शर्टांचं काय करणार ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

जानेवारीत तिचं कॉलेजचं प्रदर्शन झालं. मी आणि ताई गेलो. मंचावरून पोरं-पोरी एकेक चालत येत होती. कुणाच्या अंगावर वर्तमानपत्राचा झगा, कुणाच्या खांद्यावर तारेचा पिंजरा. आणि मग एक उंच मुलगी आली आणि मी ताईला कोपर मारलं. तिच्या अंगात आमची गोधडी होती! गुडघ्यापर्यंतचा कोट. बाहेरून शर्टांचे तुकडे, आतून गोधडी, कॉलरीला आईच्या आमसुली पातळाचा काठ. उजवा खांदा डागांनी काळपट, डावा जवळजवळ पांढरा.

खरं सांगतो, लांबून छान दिसत होता. पण ती मुलगी वळली तशी उजव्या मुंढ्याची (बाही जोडतात त्या गोलाईची) शिवण उसवली आणि बाहीतून माझ्या वडिलांच्या धोतराचा तुकडा लोंबायला लागला. (वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. गोधडीच्या पोटात भाऊंची दोन धोतरं आहेत, त्यातलं एक.) मी डोळे मिटले. म्हटलं, पोरगी नापास.

तर परीक्षक उठून जवळ गेले, तो लोंबणारा तुकडा बोटांनी धरून पाहिला आणि म्हणाले की हे उसवणं फार बोलकं आहे. पोरीला वर्गात दुसरा नंबर.

गावी आल्यावर आईला फोटो दाखवला. आईचं वय ७८. तिने चष्मा पुसला, फोटो मोठा करायला लावला आणि अहिराणीत दोन वाक्यं बोलली. पहिलं, "कसाले कापी वं?" आणि बाहीवर बोट ठेवून दुसरं, "हाई उसवेल शे, शिवेल नही."

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. ताई म्हणते, ही अंगावर घालायची कला आहे, तुम्हाला कळत नाही. मी आईच्या पक्षात आहे, पण का आहे ते मला नीट सांगता येत नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

---

भरीत पार्टी

तात्या, पहिला प्रश्न. चोपड्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हा कोट घालून बाजाराला जाऊन दाखवा, मग कला की काय ते ठरवू.

---

तापीकाठचा तात्या

@भरीत पार्टी, कोटाचं वजन २ किलो ३०० ग्रॅम आहे. आडतीवरच्या काट्यावर मोजलंय. मे महिन्यात नाही, पण डिसेंबरात धुळ्याकडे सकाळी सहाच्या एसटीला चालेल.

---

सुईदोरा

मी धुळ्याला शिवणकाम शिकवते, वीस वर्षं झाली. तात्या, तुमच्या आईंना नेमकं काय खटकलं ते सांगते.

गोधडी ही कापड नसते. ती थरांना धावदोऱ्याने एकत्र धरून ठेवलेली वस्तू असते. बायका काठाला सुरुवात करतात आणि फेऱ्याफेऱ्याने आत मध्याकडे जातात. दोरा संपला की गाठ, नवा दोरा, पुन्हा फेरा. म्हणजे एकेक दोरा हातभर, दोन हात लांब पळत असतो आणि त्याच्या दोन टोकांनाच काय ती गाठ असते. आता तुम्ही त्यातून मुंढा कापला की त्या गोलाईवर पंचवीस-तीस दोरे मध्येच तुटतात. प्रत्येकाची गाठ कुठेतरी लांब राहते. तुटलेलं टोक मोकळं. हात वर केला, खाली केला, की टाका एकेक करून सुटत जातो आणि आतला थर सरकतो. तुमच्या भाऊंचं धोतर त्यामुळे बाहेर आलं.

कापायच्या आधी कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनची टीप मारून घ्यायची असते. शेवटच्या वर्षाच्या मुलीला हे माहीत नसेल असं वाटत नाही. मुद्दाम सोडलं असेल तर गोष्ट वेगळी.

---

निवांत नाशिककर

'मुद्दाम' हाच कळीचा शब्द आहे. जपानच्या फॅशन डिझायनर रेई कावाकुबो यांनी १९८२ साली भोकं पडलेला काळा स्वेटर दाखवला तेव्हा पॅरिसमध्ये लोक भडकले होते. फाटकं म्हणून हिणवलं गेलं. कावाकुबोंचं म्हणणं, ही लेस आहे. गंमत अशी की ती भोकं त्यांनी कात्रीने पाडलेली नव्हती. विणायच्या यंत्राचे स्क्रू सैल करायला लावले होते. यंत्र चुकेल तिथे भोक.

अंगावर घालायच्या कलेचा इतिहास तसा फार जुना नाही, निदान त्या नावाने. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत विणकर, रंगारी, भरतकाम करणारी मंडळी चौकटीतली चित्रं सोडून कपड्यांकडे वळली. न्यूयॉर्कला ज्यूली शाफ्लर डेल यांनी १९७३ साली अशा कपड्यांचीच गॅलरी काढली. त्याही आधी, १९५६ साली, जपानमध्ये अत्सुको तानाका रंगीत विजेचे दिवे आणि वायरी यांचा पोशाख स्वतः अंगावर चढवून उभ्या राहिल्या होत्या. दिवे लुकलुकत होते आणि शॉक बसायची भीती होतीच.

आणि हे सगळं महानगरांतच घडतं असंही नाही. न्यूझीलंडमध्ये नेल्सन नावाचं लहानसं शहर आहे. तिथे १९८७ साली सूझी मॉनक्रिफ या शिल्पकार बाईंनी गावाबाहेरच्या एका कलादालनाची जाहिरात व्हावी म्हणून अशा पोशाखांचा कार्यक्रम केला. तो इतका वाढला की २००५ पासून वेलिंग्टनला होतो आणि जगभरातून लोक वस्तू पाठवतात. चित्रकार, सुतार, गवंडी, कुणीही पाठवावं. वस्तू माणसाच्या अंगावर चढून मंचावर चालली पाहिजे, बस.

---

भरीत पार्टी

दिव्यांचा पोशाख आमच्याकडे केला असता तर लोडशेडिंगने कलेचा गळा घोटला असता.

---

रावेरचा केळीवाला

इथे सगळे गोधडीवरच बोलताय. मला त्या शर्टांबद्दल बोलायचंय. आमच्याकडे आजीने 'कायले कापली' म्हटलं असतं, तेवढाच फरक. बाकी केळी तीच.

केळीचा चीक अंगावर पडला तेव्हा पाण्यासारखा दिसतो. कापणाऱ्याला पहिल्या दिवशी डाग दिसतही नाही. शर्ट धुतला, उन्हात टाकला की तांबूस छटा येते. आणखी दोनदा धुतला की चहाच्या गाळासारखा रंग. मग तो जात नाही. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालंय. विळ्याच्या पात्यावरून ओघळलेला चीक तर थेट काळाच होतो, लोखंडामुळे. म्हणून प्रत्येकाचा केळीत जायचा एक वेगळा जोड असतो, तो दुसऱ्या कपड्यांत भिजवतसुद्धा नाहीत.

आता तात्यांनी लिहिलंय की उजवा खांदा काळपट, डावा पांढरा. हे त्या पोरीने रंगवलेलं नाही, मी लिहून देतो. एक जण दांडा कापतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो. खांद्यावर कापडाची चुंभळ असते, पण दांड्याचं कापलेलं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला चीक ठिबकत राहतो. मानेजवळून पाठीत, पाठीतून कमरेपर्यंत. डाव्या खांद्याने वाहणारा माणूस असेल तर डाग डावीकडे. आमच्या टोळीत एक डावरा आहे, त्याचा शर्ट आरशात पाहिल्यासारखा उलटा. शर्ट वाळत घातले की कुठला कुणाचा ते आम्ही लांबून सांगतो.

---

निवांत नाशिककर

@रावेरचा केळीवाला, क्या बात है. हुसेन चालायान नावाचा डिझायनर आहे. त्याने १९९३ साली लंडनला शिकत असताना पदवीच्या प्रदर्शनासाठी कपडे लोखंडाच्या किसासकट बागेत पुरले आणि काही आठवड्यांनी उकरून मंचावर आणले. गंजाचे डाग म्हणजे काळाच्या खुणा, असा विचार. तिथून त्याचं नाव झालं.

---

रावेरचा केळीवाला

पुरायची काय गरज? एक हंगाम आमच्याकडे पाठवला असता.

---

स्पष्टवक्ती

सगळं छान चाललंय, पण मला एक बोचतंय. मजुराच्या अंगावरचा घामाचा, चिकाचा शर्ट पुण्याच्या मंचावर जातो, मुलीला दुसरा नंबर मिळतो, आणि त्या माणसाला काय मिळालं? त्याला तो डाग हौस म्हणून पडलेला नाही. घालवता येत नाही म्हणून राहिलेला आहे. आणि तात्या, तुमच्या आईंच्या टाक्यांचंही तेच. तिथल्या पाटीवर नाव कुणाचं होतं?

'कष्टाचं सौंदर्य' वगैरे शब्द ऐकले की माझं डोकं उठतं. माझी आई गोधड्या शिवायची ती घरात रजई घ्यायला पैसे नव्हते म्हणून. तिला कुणी कलाकार म्हटलं असतं तर तिने आधी दोऱ्याच्या रिळाचे पैसे मागितले असते.

---

तापीकाठचा तात्या

@स्पष्टवक्ती, पाटीवर भाचीचं एकटीचंच नाव होतं. हे मी धाग्यात लिहायचं टाळलं होतं. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

धाग्याची लिंक तिला पाठवली आहे. तिनेच उत्तर द्यावं.

---

मुंढा आणि कळी

मीच ती भाची. मामाने मला न विचारता हे सगळं जगजाहीर केलं आहे, त्याचं मी घरी बघेन.

आधी शर्टांचं. ज्या काकांचे शर्ट घेतले त्यांना मी पैसे देऊ केले. ते हसले आणि म्हणाले, फडक्याचे कसले पैसे. मग मी तीन नवे शर्ट दिले. ते त्यांनी घेतले, पण केळीत घातले नाहीत, लग्नाकार्याला ठेवलेत. हा व्यवहार बरोबर झाला असं मला तेव्हा वाटलं होतं. आता स्पष्टवक्ती ताईंचं वाचून तितकंसं वाटत नाही. ते 'फडकं' म्हणाले कारण मी त्याचं काय करणार आहे हे त्यांना सांगितलंच नव्हतं.

आता ते उसवणं. सुईदोरा ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. टीप मारायची असते हे मला माहीत होतं. मी मारलीही होती, पण कापण्याच्या रेषेच्या एकाच बाजूला, आणि तीसुद्धा वरच्या दोन थरांतूनच गेली होती. आमच्या मशीनच्या दाबपट्टीखाली सहा थर मावत नव्हते. वेळ संपत आली होती. म्हटलं, वीस पावलं तर चालायचंय.

परीक्षक 'बोलकं' म्हणाले तेव्हा मी मान हलवली. त्यांनी विचारलं, हे आधीपासून डोक्यात होतं का? मी हो म्हणाले.

तर तो स्क्रू मी सैल केला नव्हता. तो निसटला होता. आजीने मोबाइलच्या फोटोवरून दोन सेकंदांत ओळखलं ते तिघा परीक्षकांना हातात धरून कळलं नाही, आणि मी गप्प बसले. मामाला घरात दोन पक्ष दिसतात. मी तिसऱ्याच पक्षात आहे.

---

भरीत पार्टी

आता मात्र चेष्टा करवत नाही. भाची, इथे लिहिलंस हे चांगलं केलंस.

---

स्पष्टवक्ती

+१. माझा सूर जरा चढा होता. मुद्दा तोच राहील, पण.

---

सातपुड्याच्या अलीकडे

मी नंदुरबारचा. अंगावर घालायची कला ही लंडन-न्यूयॉर्कहून शिकायची गोष्ट नाही, एवढं सांगायला लॉगिन केलंय.

अक्कलकुवा तालुक्यात काठी गावाची होळी होते. रात्रभर. नवस असलेले पुरुष बावा, बुध्या होऊन नाचतात. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यावर मोरपिसं. अंगभर राखेचे, पांढऱ्या मातीचे ठिपके आणि रेघा. कमरेला वाळलेले भोपळे आणि मोठी घुंगरं बांधलेली. तो माणूस नुसता उभा राहिला तर तुम्हाला अर्धाच पोशाख दिसतो. उरलेला अर्धा कानाला ऐकू येतो. शेकडो जण एका ठेक्यावर पाय टाकतात तेव्हा भोपळे एकमेकांवर आपटून जो आवाज होतो तो छातीत जाणवतो. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलंय, पहाट झाली तरी झोप आली नव्हती.

निवांत नाशिककरांना माहीत असेल, अमेरिकेत निक केव्ह नावाचे कलाकार आहेत, ते असे आवाज करणारे पोशाख करतात. पहिला १९९२ साली केला, झाडाच्या काड्या गोळा करून. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारहाण केली त्यानंतरच्या अस्वस्थतेतून. काड्यांचं शिल्प म्हणून सुरू केलं, मग अंगात घालून पाहिलं तर हलताना आवाज आला. तिथून पुढे शेकडो केले.

पण एक इशारा. दर वर्षी कुणीतरी कॅमेरा घेऊन येतो आणि विचारतो, हा टोप विकत मिळेल का. बुध्या व्हायचं तर आधी पाळणी असते. त्या दिवसांत जमिनीवर झोपायचं, बाकीची पथ्यं सांभाळायची. तो टोप त्या दिवसांसकट असतो. भाचीने आजीची गोधडी घेतली ती तिच्या घरातली होती. उद्या तिच्या वर्गातलं कुणी 'आदिवासी थीम' म्हणून कमरेला भोपळे बांधून मंचावर आलं तर त्याला माझा नमस्कार सांगा, आणि खाली बसवा.

---

निवांत नाशिककर

मान्य. निक केव्ह यांचं मीच लिहिणार होतो, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

---

जुनी गिरण

अवांतर, पण राहवत नाही. खानदेशात कापडाची कला आज आलेली नाही. फारुकी सुलतानांचं आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचं मोठं ठाणं बऱ्हाणपूर. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिथून गेला, त्याने लिहून ठेवलंय की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं. आणि जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठा. भिंतींवरच्या चित्रांत लोकांच्या अंगावरचं कापड बघा एकदा. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, हंसांची रांग असलेलं कापड. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने कपड्यावरची नक्षीही चेहऱ्याइतक्याच निगुतीने काढली आहे. आम्ही दर वेळी पद्मपाणीचे डोळे बघून परत येतो.

माझे आजोबा अमळनेरला प्रताप मिलमध्ये साचेवाले होते. घरात कधी कापड विकत आणल्याचं आठवत नाही, सगळं मिलच्या तुकड्यांतलं. आजीच्या गोधडीत त्यामुळे एकही डाग नव्हता, आणि भाचीच्या हिशेबाने एकही गोष्ट नव्हती!

---

सुईदोरा

@मुंढा आणि कळी, आता कामाचं बोलू. रडून झालं असेल तर वही काढ.

जपानचे डिझायनर इस्से मियाके यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'ए-पॉक' नावाचा प्रकार केला, ते तुमच्या अभ्यासात असेलच. नळीसारखं विणलेलं अखंड कापड, त्यात झगा, बाह्या, मोजे यांच्या रेषा आधीच विणलेल्या. घेणाऱ्याने घरी नेऊन कात्रीने रेषेवरून कापायचं, शिलाई नाही. हे जमतं कसं? कापायच्या रेषेच्या कडेने वीण अशी बांधलेली असते की कात्री फिरली तरी उसवत नाही. म्हणजे कात्री कुठे लागणार हे कापड जन्माला येतानाच ठरलेलं असतं. तू उलटं केलंस. आजीने जे न कापण्यासाठी शिवलं होतं ते कापलंस.

दोन वाटा आहेत. एक, कापूच नकोस. लुगडं, धोतर कापतो का आपण? जुनी बाराबंदी किंवा शेतकऱ्याची कोपरी आठव. तिचा मुंढा आजच्या शर्टासारखा गोल कोरलेला नसतो. सरळ पट्ट्या, आणि काखेत एक चौकोनी तुकडा, चौबगला. तो चौकोन तिरपा बसतो आणि हाताला मोकळीक देतो. कापड वाया जात नाही. गोधडीच्या सरळ कडा तशाच ठेवून असं काही बसवता येईल.

दुसरी वाट, आधी कोटाचे भाग बेत, सुट्या थरांचे. मग प्रत्येक भागाची स्वतंत्र गोधडी शिव. पाठीची वेगळी, बाहीची वेगळी. फेरे त्या त्या भागाच्या कडेने सुरू होतील आणि मध्यात संपतील. मुंढ्याच्या गोलाईवर टाकेही गोल फिरतील. वेळ खूप लागेल, पण उसवणार नाही, आणि लांबून बघणाऱ्याला टाक्यांवरूनच अंगाचा आकार दिसेल.

---

मुंढा आणि कळी

ताई, दुसरी वाट. गोल फिरणारे टाके डोळ्यासमोर आले आणि अंगावर काटा आला. पण मला एवढे बारीक धावदोरे येत नाहीत. माझे इंचाला पाच बसतात. आजीचे आठ, तेही चष्म्याशिवाय.

---

केळफूल

चीक झाला, घड झाले, पण ज्या खोडाला कापून बांधावर फेकतात त्याचं कुणीच काढलं नाही. जपानच्या दक्षिणेला ओकिनावात केळीच्या सोपटांपासून (खोडाच्या पदरांपासून) 'बाशोफू' नावाचं कापड विणतात. खोडाची पानं एकेक सोडवायची, राखेच्या पाण्यात उकळायची, बांबूच्या चिमट्याने खरवडून धागा काढायचा, मग धाग्याला धागा बारीक गाठीने जोडायचा. एका किमोनोला दोनशेच्या आसपास झाडं लागतात. युद्धानंतर ही कला संपत आली होती, तोशिको तायरा या बाईंनी किजोका गावात ती उभी केली आणि जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मान दिला. २०२२ मध्ये त्या गेल्या, शंभरी पार करून.

लगेच कुणी खूश होऊ नका. ती केळ वेगळ्या जातीची, खाण्याची नव्हे. आपल्या ग्रँड नैनचा धागा भरड निघतो, त्यातल्या त्यात आतल्या सोपटांचा मऊ. मी घरी काढून पाहिला आहे. दोरी, पिशवी, चटई ठीक. अंगाला टोचतो. पण कोटाच्या कॉलरीत ताठपणासाठी, कॅनव्हासच्या जागी? तिथे टोचला तरी अस्तराखाली जाईल.

---

रावेरचा केळीवाला

खोड लागलं तर सांगा. ट्रॉली भरून फुकट, वाहतूक तुमची.

---

तापीकाठचा तात्या

बऱ्याच दिवसांनी येतोय. मधे केळीची लागवड, नंतर होळी.

भाची दोन आठवडे येऊन राहिली. आल्या आल्या आईपुढे बसली आणि परीक्षकांना काय सांगितलं ते तिने स्वतःच सांगितलं. आईला 'परीक्षक' या भानगडीत रस नव्हता. तिने कोट मागितला, मांडीवर उलटा घेतला आणि उजवी बाही उसवायला बसली. पूर्ण उसवली. सुईच्या टोकाने एकेक टाका. दोरा तोडला नाही, काढून काडेपेटीवर गुंडाळून ठेवला. भाऊंचं धोतर वेगळं केलं, त्याची घडी करून उशीखाली ठेवली. ते काही परत कोटात जाणार नाही असं दिसतंय, विचारायची माझी हिंमत नाही.

मग सुईदोरा ताईंचा दुसरा मार्ग आईला सांगितला. तिला तो पटला, पण मध्यात संपणारे फेरे बाहीला चालणार नाहीत म्हणाली. कोपराशी मध्य आला की तिथे गाठींचा गोळा होतो आणि टेकून बसलं की रुततो. बाहीला फेरे नकोत, उभे दोरे टाक. ताई, हे बरोबर आहे का ते सांगा. घरात आता या विषयावर दोघी जणी माझ्याशिवाय बोलतात.

पाठीचा भाग आईने सुरू केला आणि खांद्यापाशी भाचीच्या हातात दिला. कुठे हात बदलला ते फुटभरावरून दिसतं. आठाचे पाच झालेत. भाचीने तो भाग उसवून आईकडूनच करून घ्यायचा म्हटलं, आईने नकार दिला. डोळे दुखतात म्हणाली. डोळे दुखत असताना तिने त्याच संध्याकाळी दोन किलो तूरडाळ निवडली.

शर्टवाले काका कटाईला आले तेव्हा त्यांना कोट दाखवला. त्यांनी हातात घेतला, उजव्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, हा डाग चिकाचा नाही, हे ट्रॅक्टरचं ग्रीस आहे. मग चिकाचे कुठले, ग्रीसचे कुठले, विळ्याचे कुठले ते एकेक करून दाखवलं. भाचीने खडूने खुणा करून घेतल्या. तिथे आता ती काहीतरी भरणार आहे, काय ते मला सांगितलेलं नाही. नव्या पाटीवर तीन नावं असतील एवढं ठरलंय. काकांचं नाव कसं लिहायचं म्हणून विचारलं तर ते म्हणाले, आधारकार्डावर आहे तसं. उद्या कार्ड घेऊन येतायत.

वजन पुन्हा केलं. बाही आणि धोतर वगळून १ किलो ७५०. @भरीत पार्टी, बाजाराला अजून नाही.

---

सुईदोरा

बाहीबद्दल आई बरोबर आहेत. उभे दोरे. आणि मनगटाशी दोन फेरे आडवे घ्यायला सांगा, नाहीतर बाही लोंबेल. पाठीचा फोटो टाका, हात बदललेल्या जागेचा जवळून.

---

तापीकाठचा तात्या

फोटो रविवारी. आत्ता कोट आईच्या मांडीवर आहे आणि ती उठत नाहीये.